जुन्या फोनांत नवी प्रणाली घालावी कीं नाहीं ?

अलीकडे आमच्या वरच्या वर्गांतील मुलांच्या बोलण्यांत एक नवाच विषय वरचेवर निघूं लागला आहे. मधल्या सुटींत दोन-चार डोकीं एकत्र आलीं कीं, "बूटलोडर उघडलास काय ?", "कोणता रॉम घातलास ?", "बॅटरी किती टिकते ?" असे प्रश्न कानीं पडतात. (शाळेंत फोन आणण्यास मनाई आहे, व ती तशीच राहील, फोनविषयीं बोलण्यास मात्र मनाई करतां येत नाहीं.) ज्यांस या विद्येचा गंध नाहीं त्या पालकांस ही भाषा मंत्रतंत्राची वाटावी यांत नवल नाहीं. कित्येकांनीं आम्हांस भेटून विचारलेंही कीं, हा नाद चांगला कीं वाईट ? मुलास तो करूं द्यावा, कीं त्याच्या हातचा फोन काढून घ्यावा ? प्रत्येकास निराळें उत्तर देत बसण्यापेक्षां आमचें मत एकदां या पानांवरच मांडावें असें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रकार काय आहे तें प्रथम थोडक्यांत सांगतों. मोबाइल फोन म्हणजे नुसतें कांच-धातूचें यंत्र नव्हे. त्या यंत्रांत एक मूळ सॉफ्टवेअर असतें; तें पडदा उजळवितें, आवाज पोंचवितें, कॅमेरा चालवितें आणि बाकीचीं सारीं ॲप्स आपल्या खांद्यावर वागवितें. यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण तिला प्रणाली म्हणूं. आपल्या देशांत बहुतेक फोनांत जी प्रणाली असते तिचें नांव अँड्रॉइड. २००३ सालीं अमेरिकेंत एका लहानशा कंपनीनें तिचा आरंभ केला, २००५ सालीं गूगलनें ती कंपनी विकत घेतली, आणि २००८ सालीं एचटीसी कंपनीनें बनविलेला पहिला अँड्रॉइड फोन बाजारांत आला. या प्रणालीच्या पायाशीं लिनक्स आहे. आणि लिनक्स म्हणजे हेलसिंकी येथील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं हातीं घेतलेलें व पुढें सर्वांस मोकळें करून दिलेलें काम. गूगलनेंही अँड्रॉइडचा मुख्य भाग मोकळाच ठेवला. त्याचा मूळ मजकूर कोणासही वाचतां येतो, उतरून घेतां येतो, त्यांत फेरफार करून आपली निराळी प्रणाली तयार करतां येते. कंपनीबाहेरच्या लोकांनीं अशा रीतीनें तयार केलेली प्रणाली म्हणजेच मुलांच्या तोंडीं असलेला 'कस्टम रॉम'.

पण हा खटाटोप करावाच कशाला ? याचें उत्तर बहुतेक घरांतील कपाटांत सांपडेल. रेडमी नोट ४ हा फोन जानेवारी २०१७ मध्यें आपल्या देशांत विक्रीस आला. किंमत ९,९९९ रुपयांपासून पुढें. मध्यम स्थितींतील कुटुंबांनीं तो इतका उचलला कीं, एके काळीं ज्याच्या-त्याच्या हातांत तोच दिसे. तो अँड्रॉइडची ६ वी आवृत्ति घेऊन आला, कंपनीनें त्यास ७ व्या आवृत्तीपर्यंत नेलें, आणि तो प्रवास तेथेंच संपला. यंत्र धडधाकट, पडदा शाबूत. परंतु आंतली प्रणाली म्हातारी झाली. गूगल २०१५ च्या ऑगस्टपासून दर महिन्यास अँड्रॉइडमधील सुरक्षेच्या दोषांचें पत्रक काढीत आलें आहे. ज्या फोनास दुरुस्ती मिळते त्याच्या भिंतींतील भोंक बुजतें. ज्यास मिळत नाहीं त्याचें भोंक तसेंच राहतें, आणि पत्रक छापून आल्यामुळें तें कोठें आहे हें चोरासही कळतें. हळूहळू नवीं ॲप्सही अशा फोनांत बसेनाशीं होतात. मग फोन कपाटांत जातो आणि घरांत नव्या फोनाचा हप्ता सुरू होतो.

अशा फोनांसाठीं जगांतील हौशी लोक रात्रीचा दिवस करून नव्या आवृत्त्या तयार करतात. रेडमी नोट ४ लाच त्यांनीं ११ व्या आवृत्तीपर्यंत व तिच्याही पुढें नेलें. ज्या कंपनीनें तो विकला तिनें जें केलें नाहीं तें बिनपगारी माणसांनीं केलें. हल्लीं कंपन्यांचीही वृत्ति पालटूं लागली आहे हें कबूल केलें पाहिजे. गूगलनें ऑक्टोबर २०२३ मध्यें व सॅमसंगनें जानेवारी २०२४ मध्यें आपल्या कांहीं महागड्या फोनांस सात वर्षें दुरुस्त्या देण्याचें वचन दिलें, आणि युरोपांत जून २०२५ पासून कायद्यानेंच पांच वर्षांची अट घातली आहे. गोष्ट चांगली, पण आमच्या पालकांच्या कपाटांतले फोन त्याच्या आधींचे, आणि महागडेही नव्हेत.

या हौशी कामाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि आमच्या मुद्याशीं त्याचा जवळचा संबंध आहे. २००९ सालीं स्टीव्ह काँडिक नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें त्या पहिल्याच अँड्रॉइड फोनासाठीं एक सुधारलेली प्रणाली काढली. तिचें नांव सायनोजेनमॉड. ती लोकांस फार आवडली. परंतु तिच्याबरोबर तो गूगलचीं स्वतःचीं ॲप्सही वांटीत होता : नकाशे, जीमेल, ॲप्सचें दुकान वगैरे. अँड्रॉइड मोकळें असलें तरी हीं ॲप्स मोकळीं नव्हतीं. सप्टेंबर २००९ मध्यें गूगलनें त्यास पत्र धाडून तें वांटप थांबविण्यास बजाविलें. त्यानें काढलेली तोड पाहण्यासारखी आहे. फोन विकत घेतांना त्यांत गूगलचीं ॲप्स असतातच. मग नवी प्रणाली घालण्यापूर्वीं तीं काढून बाजूस ठेवावीं व प्रणाली घातल्यावर पुन्हां आंत ठेवावीं, म्हणजे कोणाचा हक्क बुडत नाहीं! आधीं जपून ठेवणें आणि मग परत आणणें हा या विद्येचा विधि असा तिच्या बाल्यावस्थेंतच ठरून गेला.

पुढें या कामाची एक कंपनी निघाली, आणि कंपनी म्हटली कीं भांडणें आलींच. त्यांतील एक भांडण आपल्या देशांत झालें. त्या प्रणालीचा भारतांतील एकाधिकार मायक्रोमॅक्स कंपनीनें मिळविला होता, तर वनप्लसचे फोन तीच प्रणाली घेऊन येथें विकले जात होते. डिसेंबर २०१४ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें वनप्लसच्या त्या विक्रीस मनाई केली, आणि पुढें त्याच न्यायालयाच्या खंडपीठानें ती तात्पुरती उठविली. दोन वर्षांनीं, डिसेंबर २०१६ मध्यें, ती कंपनीच आपला कारभार आटोपती झाली. पण मूळ मजकूर मोकळा असल्यामुळें हौशी मंडळींनीं तो उचलून त्याच महिन्यांत 'लिनिएज ओएस' या नांवानें काम पुढें चालू केलें, व तें आजतागायत चालू आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रत्येक फोनांत बूटलोडर नांवाचा एक लहानसा कार्यक्रम असतो. फोन चालू करतांच सर्वांआधीं तो जागा होतो आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याप्रमाणें आंत येणाऱ्या प्रणालीवर कंपनीचा शिक्का आहे काय तें पाहतो; शिक्का नसेल तर आंत घेत नाहीं. परकी प्रणाली घालावयाची तर या पहारेकऱ्याचें कुलूप आधीं उघडावें लागतें. फोनाच्या माहितींत 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळां बोट टेंकलें कीं एक गुप्त यादी उघडते, तींत कुलूप उघडण्यास अनुमति देण्याची जागा असते. मग फोन तारेनें संगणकास जोडून हुकूम सोडावयाचा. कुलूप उघडल्यावर 'रिकव्हरी' नांवाची एक लहान दुय्यम प्रणाली आंत बसवितात, आणि तिच्या हातून मोठी प्रणाली चढवितात. कांहीं कंपन्या कुलूप उघडूंच देत नाहींत. सॅमसंगच्या पुष्कळ फोनांत तर एक सूक्ष्म फ्यूज असतो. परकी प्रणाली घातली कीं तो उडतो तो कायमचा, आणि त्यानंतर त्या फोनाचा गुप्त कप्पा किंवा सॅमसंगची पैसे देण्याची सोय चालत नाहीं. हें आधीं ठाऊक असावें.

फोनाचें नांव पाहून फसूं नये हेंही येथेंच सांगतों. रेडमी नोट ४ या एकाच नांवाचीं दोन निरनिराळीं यंत्रें बनलीं होतीं : एकाचा प्रोसेसर एका कंपनीचा, दुसऱ्याचा दुसरीचा. आपल्याकडे जो विकला गेला त्याचें सांकेतिक नांव 'मिडो'. एकासाठीं बनलेली प्रणाली दुसऱ्यांत घालावयास जाणें म्हणजे एका कुलपांत दुसऱ्याची किल्ली बळेंच फिरविणें होय. तसेंच उतरून घेतलेली फाईल पूर्ण व निर्भेळ आहे कीं नाहीं हें तपासण्यासाठीं तिच्याबरोबर ६४ अक्षरांचा एक आंकडा दिलेला असतो. आपल्या संगणकावर तो काढून ताडून पाहण्यास एक मिनिट लागतें. तेवढें मिनिट मुलें देत नाहींत.

आणि आतां मुख्य गोष्ट. बूटलोडरचें कुलूप उघडतांच फोनांतील यच्चयावत् मजकूर पुसला जातो. हा दोष नव्हे. ही योजना आहे. नाहीं तर चोरलेल्या फोनाचें कुलूप उघडून चोरानें आंतलें सारें वाचलें असतें. शिवाय हल्लींच्या फोनांत सर्व मजकूर गुप्त लिपींत साठविलेला असतो, आणि पुसतांना त्या लिपीची किल्लीच नष्ट केली जाते. त्यामुळें बाजारांतील कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे गेलें तरी गेलेलें परत मिळत नाहीं.

मुलें म्हणतात, "त्यांत काय ? ॲप्स पुन्हां उतरून घेऊं." येथें एक मोठा घोटाळा आहे. प्रत्येक ॲपचे दोन भाग असतात : एक त्याचा कार्यक्रम आणि दुसरी त्याची नोंद. वाण्याचें दुकान जळालें तर तराजू, मापें, डबे पुन्हां आणतां येतात. उधारीची वही कोठून आणणार? ॲपचा कार्यक्रम म्हणजे तराजू. तो ॲप्सच्या दुकानांत केव्हांही मिळतो. आपण त्यांत लिहिलेलें, बोललेलें, साठविलेलें तें म्हणजे वही. ती त्या ॲपच्या खाजगी कप्प्यांत असते, आणि त्या कप्प्यांत दुसऱ्या कोणासही, खुद्द फोनाच्या मालकासही, सहजासहजीं हात घालतां येत नाहीं.

आमच्या कानीं आलेली एक हकीकत येथें सांगतों. नांवगांव सांगत नाहीं. दहावींतल्या एका मुलानें वडिलांचा जुना फोन घेतला. मुलगा हुशार, त्यानें आठवडाभर वाचन केलें, फाईल तपासली, बॅटरी पुरी भरली, सगळीं छायाचित्रें संगणकावर उतरून ठेवलीं, आणि एका रात्रींत प्रणाली घातली. फोन नव्यासारखा पळूं लागला. सकाळीं त्यानें तो मोठ्या उमेदीनें वडिलांपुढें ठेवला. वडिलांनीं पाहिला, कौतुकही केलें, आणि मग आवाज टिपण्याचें ॲप शोधूं लागले. मुलाच्या आजीनें वारण्यापूर्वीं एका दिवाळींत त्या फोनापुढें बसून जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. आत्यानें त्या टिपून घेतल्या होत्या. ते आवाज छायाचित्रांच्या कप्प्यांत नव्हते, त्या ॲपच्या स्वतःच्या कप्प्यांत होते. मुलास ते आहेत हें ठाऊकच नव्हतें. वडील रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "त्यांत आईचा आवाज होता रे."

त्या मुलाच्या कौशल्यांत कांहीं उणें नव्हतें. त्यानें केलेली एकही कृति चुकीची नव्हती. उणीव होती ती एका प्रश्नाची; तो त्यानें घरांत कोणास विचारला नाहीं, कारण काम तो गुपचूप करीत होता. गुपचूप कां ? तर सांगितल्यास नाहीं म्हणतील म्हणून.

आमचें मत येथेंच तयार झालें आहे. प्रणाली घालणें ही या विद्येची सोपी बाजू होय. ती दीड तासांत उरकते आणि तिच्या पायऱ्या जागोजागीं लिहिलेल्या आहेत. बहुतेक कृतिपत्रकांत पानें भरून तिचें वर्णन असतें, आणि आरंभीं एक ओळ : 'प्रथम बॅकअप घ्या.' खरें शिक्षण त्या एका ओळींत आहे. फोनांत काय काय आहे, तें कोणाचें आहे, कोठें आहे, परत कसें आणावयाचें, हें ज्यास सांगतां येतें त्यासच फोन पुसण्याचा अधिकार आहे. आणि हें सांगतां येण्यासाठीं मुलानें घरांत उघडपणें विचारलें पाहिजे. उघडपणें विचारावयाचें तर पालकांनीं आधींच नाहीं म्हणून ठेवतां कामा नये. सरसकट मनाईचा परिणाम एवढाच होतो कीं, काम दिवसा व्हावयाचें तें रात्रीं होतें.

पालकांची भीति निराधार आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. सर्वांत मोठी भीति पैशाची. तिच्याविषयीं दोन शब्द स्पष्ट सांगतों. २०१६ सालीं यूपीआय सुरू झाल्यापासून घरोघर फोन हाच बटवा झाला आहे. परंतु पैसे फोनांत नसतात, बँकेंत असतात. फोन पुसला म्हणून खात्यांतील एक पैही जात नाहीं. नवी प्रणाली घातल्यावर पैशाचें ॲप पुन्हां बसवून, त्याच सिमवरून त्याला संदेश पाठवूं दिला कीं तें फोनाची ओळख पटवून घेतें. अडचण निराळीच आहे. कुलूप उघडलेल्या फोनास पुष्कळ बँकांचीं ॲप्स आंत घेत नाहींत. फोन मूळ शिक्क्याचा आहे काय हें तीं गूगलकडून विचारून घेतात, आणि नाहीं असें उत्तर आलें कीं काम बंद. कांहीं मुलें मग ही परीक्षा चुकविण्याच्या युक्त्या शोधीत बसतात. त्यास आमचा साफ विरोध आहे. ज्या पहाऱ्यावर दुसऱ्यांचाही पैसा विसंबून आहे त्यास फसविण्यांत कसली विद्या ? म्हणून घरांत जो फोन बँकेसाठीं वापरला जातो त्यास हात लावूं नये, हें आमचें पहिलें म्हणणें. कपाटांतला फोन घ्यावा.

कपाटांतल्या फोनाचेही दोष आहेतच. परक्या प्रणालींत कॅमेरा बहुधा पूर्वीइतका चांगला राहत नाहीं, कारण त्याचें उत्तम सॉफ्टवेअर कंपनीनें स्वतःपाशीं ठेवलेलें असतें. कधीं कधीं आवाजाचे दूरध्वनि ४जी वरून जाण्याची सोय बिघडते. आणि जिओचें जाळें २०१६ सालीं सुरू झाल्यापासून त्याच सोयीवर उभें असल्यामुळें तें सिम असेल तर बोलणेंच खुंटतें. ज्या फोनावरून आजारी माणसासाठीं रात्रीं-अपरात्रीं फोन करावा लागेल तो प्रयोगास घेण्याचा विचारही करूं नये.

आतां परत आणण्याविषयीं; कारण येथें रीत माहीत असणें फार उपयोगी पडतें. कांहीं गोष्टी फोनांत दिसतात, पण फोनांत नसतात. डिजिलॉकरमधील गुणपत्रिका, ईमेल, गूगलच्या खात्यांत ठेवलेले लोकांचे क्रमांक, हीं सारीं दूर कोठें साठविलेलीं असतात. खात्याचें नांव व परवलीचा शब्द लक्षांत असला कीं तीं परत येतात. लक्षांत असला कीं, असें आम्ही मुद्दाम म्हणतों. कित्येक वडील मंडळींचें गूगलचें खातें दुकानदारानें काढून दिलेलें असतें व परवलीचा शब्द त्याच्यापाशींच राहिलेला असतो. जबरदस्तीनें पुसलेला फोन पुष्कळदां आधींचें खातें विचारल्याखेरीज आंत येऊं देत नाहीं. तेव्हां हें खातें आधींच जाग्यावर आणावें.

व्हॉट्सॲपची गोष्ट मध्यम आहे. तें रोज पहाटे दोन वाजतां आपल्या संभाषणांची एक प्रत फोनांतच काढतें आणि शेवटच्या सात दिवसांच्या प्रती ठेवतें. परंतु फोन पुसतांना त्याही जातात. म्हणून तो सबंध कप्पा संगणकावर उतरून घ्यावा, किंवा गूगल ड्राइव्हवर प्रत चढवावी. परत आणतांना तोच दूरध्वनि-क्रमांक हवा; ड्राइव्हवरची प्रत असेल तर तेंच गूगल खातें हवें. ॲप प्रथम बसवितांना 'जुनी प्रत परत आणूं काय ?' असें तें विचारतें. त्या वेळीं घाईनें पुढें गेलें तर नवी संभाषणें सुरू होतात आणि जुनीं परत आणावयाचीं तर ॲप काढून पुन्हां बसवावें लागतें.

इतर ॲप्सपैकीं पुष्कळांची नोंद अँड्रॉइड आपण होऊन गूगलच्या खात्यांत ठेवतें. ही सोय २०१५ सालीं ६ व्या आवृत्तीबरोबर आली. मात्र प्रत्येक ॲपास २५ मेगाबाइटांचीच मर्यादा आहे, आणि ॲप बनविणाऱ्यानें नको म्हटलें असेल तर तेवढेंही ठेवलें जात नाहीं. फोनाच्या पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' असें आलें म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. संगणकावरून तारेनें सर्व ॲप्सची नोंद ओढून घेण्याची जुनी युक्ति १२ व्या आवृत्तीपासून बहुतेक निरुपयोगी झाली आहे. लिनिएज ओएसमध्यें सीडव्हॉल्ट नांवाचें बॅकअपचें साधन मिळतें. तें सगळी नोंद कुलूपबंद करून पेनड्राइव्हवर ठेवतें आणि तिची किल्ली म्हणून बारा शब्द देतें. ते बारा शब्द कागदावर लिहून ठेवावे, त्याच फोनांत नव्हे. (हसूं नका, असें केलेलें आम्हीं पाहिलें आहे.) फोनाचा पूर्ण ताबा, म्हणजे मुलांच्या भाषेंत 'रूट', घेतला असेल तर खाजगी कप्पेही उतरून घेतां येतात, पण त्यानें पहाऱ्याची आणखी एक भिंत पडते, आणि जुन्या आवृत्तींतील मूळ ॲप्सची नोंद नव्या आवृत्तीवर तशीच चढविली तर फोन अडखळूं लागतो.

सर्वांत फसवें ॲप म्हणजे लॉगिनसाठीं सहा आंकडी क्रमांक दाखविणारें. तें दिसावयास क्षुल्लक. परंतु त्याची नोंद गेली कीं, ज्या खात्यांच्या दारावर तें पहारा देतें तीं सारीं खातीं बंद होतात. गूगलच्या अशा ॲपास खात्यांत प्रत ठेवण्याची सोय एप्रिल २०२३ पर्यंत नव्हती, आणि आजही ती चालू केलेली आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें लागतें. फोन पुसण्यापूर्वीं हीं खातीं दुसऱ्या फोनांत हलवावीं.

आमच्या एका विद्यार्थिनीनें हें काम ज्या रीतीनें केलें ती आम्हांस फार पसंत पडली. तिचे वडील रिक्षा चालवितात. घरांत एक जुना फोन पडून होता, तो तिला धाकट्या भावाच्या अभ्यासासाठीं हवा होता. तिनें एक जुनी वही घेतली, तींत फोनांतल्या एकेका ॲपचें नांव एका ओळीवर लिहिलें, आणि समोर तीन गोष्टी : यांतली नोंद कोणाची, ती आतां कोठें ठेवली, परत कशी आणावयाची. एकूण एकेचाळीस ॲप्स निघालीं. त्यांतील सव्वीसांपुढें तिनें 'कोणाचेंच नाहीं' असें लिहिलें, व तीं सरळ सोडून दिलीं. राहिलेल्या पंधरांसाठीं तिला चार संध्याकाळ लागल्या. एका ॲपमध्यें वडिलांचा तीन वर्षांचा गॅसभरणीचा हिशेब निघाला. त्याची प्रत काढण्याची सोय त्या ॲपांत नव्हती, तेव्हां तिनें तो हातानें वहींत उतरून घेतला. मग तिनें प्रतींतील दोन-चार फाईली संगणकावर उघडून पाहिल्या. उघडत नाहीं ती प्रत प्रत नव्हे, हें तिला कोणीं सांगितलें कोणास ठाऊक. आम्हीं तर सांगितलें नव्हतें. प्रणाली घालण्याचें काम तिनें रविवारीं दुपारीं, आईवडिलांच्या देखत केलें.

हें आम्ही मुलींच्या स्तुतीसाठीं लिहीत नाहीं. एकेचाळीस ओळींची ती वही आमच्या मतें रॉम घालण्याहून मोठें काम आहे, आणि तें करूं शकणाऱ्या मुलास अगर मुलीस जुना फोन निर्धास्तपणें हातीं द्यावा असा आमचा पालकांस आग्रह आहे. जो ती वही करण्यास कंटाळतो त्यास मात्र तूर्त थांबवावें. राग करूं नये, वही मागावी.

शेवटीं एक सोयीची गोष्ट. कांहीं कंपन्यांच्या फोनांत कुलूप उघडण्याचा अर्ज केल्यावर लगेच तें उघडत नाहीं, थांबावें लागतें. शाओमीच्या फोनांत ही मुदत बहुधा १६८ तासांची, म्हणजे पुऱ्या सात दिवसांची, पडत आली आहे. मुलें या मुदतीवर चिडतात. आम्हांस ती उत्तम वाटते, आणि ज्या फोनांत ती नाहीं तेथेंही घरच्यांनीं ती घालावी असें आम्ही सुचवितों. पहिले दोन दिवस छायाचित्रांस द्यावे, मग संभाषणांस, मग त्या सहा आंकडी क्रमांकांच्या ॲपास. एक दिवस प्रती उघडून पाहण्यास राखावा. आणि सातव्या दिवशीं, जेवणें झाल्यावर, फोन घरांत सर्वांच्या हातीं एकदां फिरवावा, व आजोबा-आजीपासून धाकट्या भावंडापर्यंत प्रत्येकास विचारावें कीं, यांत तुमचें कांहीं राहिलें आहे काय ?